पहिली घरगुती बीअर: किट घ्यावं की माल्ट आणून स्वतः हॉप्स उकळावेत?

नवशिका_मँचेस्टर

नमस्कार मंडळी. मँचेस्टरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि घरी बीअर करायला सुरुवात करायची आहे. वाचून वाचून डोकं गरगरायला लागलंय, म्हणून नेमकं विचारतो.

दुकानात १.५ किलोचा डबा मिळतो, हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आधीच घातलेला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, पाक. वर लिहिलंय: १ किलो साखर घाला, पाण्याने २३ लिटर करा, यीस्ट टाका. याने सुरुवात करू का? माझ्याकडे १२ लिटरचं स्टीलचं पातेलं आहे, इंडक्शनवर चालतं. चाळीस बाटल्या ठेवायला जागा नाही. हॉप्सचा वास असलेली, पण तोंड कडू करून न सोडणारी पेल एल हवी आहे. कपाटात सध्या १६-१७ अंश असतं, हीटिंग लागलं की २१.

आणखी दोन शंका. बाटल्या खरंच फुटतात का? आणि काही चुकलं तर पिणाऱ्याला अपाय होऊ शकतो का? घरचे हेच विचारतात.

माल्टगिरणी

डब्याला दोष देऊ नका, दोष त्या १ किलो साखरेत आहे. साधी साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं. दारू वाढते, पण दाटपणा काहीच उरत नाही आणि बीअर पाणचट लागते. साखरेच्या जागी १ किलो कोरडी माल्ट पावडर घाला, झाकणाखालच्या पाच-सहा ग्रॅमच्या पुडीऐवजी ११ ग्रॅमचं ताजं यीस्ट टाका, त्याच डब्यातून बरीच बरी बीअर निघेल. पण तुमच्याकडे पातेलं आहे आणि जागा कमी आहे. मी म्हणेन, सरळ १० लिटरचा घाणा लावा आणि हॉप्स स्वतः उकळा. चार तासांचं काम आहे.

सामान: १५ लिटरची, झाकण आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी झडप) असलेली खाण्याच्या प्लास्टिकची बादली. तशीच दुसरी, खाली नळ असलेली, बाटल्या भरायला. हायड्रोमीटर (द्रवाची घनता, म्हणजे त्यात किती साखर उरली ते दाखवणारं) आणि त्याची उंच नळी. थर्मामीटर. सायफन. ग्रॅममध्ये मोजणारा काटा. बुचं आणि बूच बसवायचं यंत्र. न धुता चालणारं आम्लयुक्त निर्जंतुक द्रावण. पहिल्या खेपेला याहून जास्त काही घेऊ नका.

१० लिटरसाठी: फिकट कोरडी माल्ट पावडर १.२ किलो, भरडलेलं क्रिस्टल माल्ट १५० ग्रॅम, ६ टक्के अल्फा आम्लाचे (हॉप्समधला कडवटपणा देणारा घटक) कॅस्केड हॉप्स ४५ ग्रॅम, यूएस-०५ किंवा नॉटिंगहॅम यीस्टचं एक पाकीट. हॉप्सच्या पाकिटावर अल्फाचा आकडा छापलेला असतो, तो जरूर बघा. ६ ऐवजी ८ टक्के असेल तर पहिल्या तासाभराच्या उकळीचे हॉप्स १५ ऐवजी ११ ग्रॅम घ्या, नाहीतर कडवटपणा हाताबाहेर जाईल.

आदल्या रात्री ४ लिटर पाणी उकळून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. नळाच्या सगळ्या पाण्यातला क्लोरीन घालवायला कॅम्पडेनच्या (सल्फाइटच्या) गोळीचा छोटा तुकडा, अगदी पाव गोळी, पुरते. हे टाळलं तर क्लोरीन आणि माल्टमधली द्रव्यं मिळून इस्पितळासारखा औषधी वास धरतात. तो नंतर कशानेही जात नाही.

क्रिस्टल माल्ट मलमलच्या पिशवीत बांधून ३ लिटर पाण्यात ६५ ते ७० अंशांवर अर्धा तास भिजवा. ७५ च्या वर जाऊ देऊ नका. कोरा चहा फार उकळला की तोंड ओढल्यासारखं होतं ना, तसं सालातलं टॅनिन उतरतं. पिशवी काढा, पाणी वाढवून ८ लिटर करा. आता निम्मी माल्ट पावडर, म्हणजे ६०० ग्रॅम. वाफेवर ही पावडर ओतली की चमच्यालाच चिकटून तिचे खडे होतात. पिठलं करताना बेसन आधी गार पाण्यात कालवतो, तशी ही वेगळ्या भांड्यात कालवून घ्या आणि शेगडी बंद करून पातेल्यात सोडा. शेगडी चालू असताना टाकलेली पावडर तळाला बसते आणि करपते.

मग उकळी. पहिली दहा मिनिटं पातेल्यापाशीच उभं राहा. उतू जाणाऱ्या दुधाला जशी फुंकर, तसा इथे गार पाण्याचा शिडकावा. झाकण घालू नका. उकळी आली की १५ ग्रॅम हॉप्स आणि तिथून ६० मिनिटं मोजा. शेवटची १० मिनिटं उरली की १५ ग्रॅम हॉप्स आणि उरलेली ६०० ग्रॅम पावडर (पुन्हा कालवूनच). ती आधी न टाकण्याचं कारण म्हणजे तासभर उकळून रंग काळपटतो. शेगडी बंद केल्यावर शेवटचे १५ ग्रॅम. पहिल्या खेपेचे हॉप्स कडवटपणा देतात, मधले चव आणि शेवटचे वास. एकूण कडवटपणा ३० आयबीयूच्या (बीअरचा कडवटपणा मोजायचं एकक) जवळ येतो, पेल एलला बेताचा.

तासाभरात पातेल्यात साधारण ६ लिटर उरतं. ते सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि ते पाणी दोन-तीनदा बदला. ६ लिटर ३० अंशांवर आलं की त्यात फ्रिजमधलं ५ अंशांचं ४ लिटर पाणी घाला: १० लिटर, २० अंश. हिशेब बरोबर जुळतो. बादलीत उंचावरून ओता, हवा मिसळू द्या, कारण यीस्टला वाढायला प्राणवायू लागतो. तो याच वेळी, पुढे कधीच नाही. हायड्रोमीटर २० अंशांवर १.०४६ च्या आसपास दाखवेल. हाच आकडा लिहून ठेवायचा. यीस्ट वरून भुरभुरवा आणि झाकण लावा.

धान्यवाला

माझं मत थोडं वेगळं आहे. मँचेस्टरचं पाणी लेक डिस्ट्रिक्टमधल्या तलावांतून येतं, अगदी मऊ. अशा पाण्यावर पहिल्यापासूनच धान्याने सुरुवात करायला काय हरकत आहे? ५ लिटरचा घाणा तुमच्या पातेल्यात सहज बसतो. मॅरिस ऑटर माल्ट १.१ किलो, भरडून. ८ लिटर पाण्यात २ ग्रॅम जिप्सम, म्हणजे कॅल्शियम ५५-६० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत इतके भाग) येतं. पाणी ६९ अंशांपर्यंत तापवा, पिशवीतलं धान्य सोडा, ढवळा. तापमान ६६ वर स्थिरावतं. पातेलं गोधडीत गुंडाळून तासभर ठेवा, पिशवी उचलून निथळा आणि पुढे वरच्यासारखीच उकळी, हॉप्स एक तृतीयांश ते निम्मे. ६६ अंशांना धान्यातले विकर (एन्झाइम) पिठूळ भागाची साखर करतात. ६३-६४ ला ठेवलं तर बीअर कोरडी होते, ६८-६९ ला अंगाने भारी. हा फरक जिभेला कळतो आणि तो पावडरीत हातात राहत नाही.

माल्टगिरणी

@धान्यवाला, कृती बिनचूक आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या घाण्याला मीही हेच सांगेन. पण पहिल्या खेपेला धान्याचं तापमान, उकळी, यीस्ट आणि बाटल्या असे चार मोर्चे एकदम उघडले, की बीअर बिघडल्यावर कुठे बिघडली हे कळतच नाही. पावडरीने पहिला मोर्चा बंद होतो. शिवाय ५ लिटरच्या घाण्यातून ९-१० बाटल्या निघतात. त्यातल्या चाखायला घेतलेल्या सोडल्या तर महिनाभर मुरवून बदल बघायला उरतात किती?

तापमापक

वर्ट (माल्टचा गोड, अजून न आंबलेला काढा) बनवणं हे आपलं काम, बीअर करणं यीस्टचं. म्हणून या दोघांच्या मधल्या दोन गोष्टींवर जास्त लिहितो.

पहिली स्वच्छता. धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. कळकट बादलीवर कितीही चांगलं द्रावण फवारा, मळाखाली जंतू सुरक्षितच राहतात. आधी सोडियम परकार्बोनेट गरम पाण्यात घालून अर्धा तास भिजवा, मऊ कापडाने पुसा, खळखळून धुवा. तारेची घासणी वापरू नका, तिच्या ओरखड्यांतच पुढच्या वेळचे जंतू घर करतात. वासाचा भांड्याचा साबणही नको, कारण त्याचा तेलकट अंश राहिला की बीअरचा फेस बसतो. मग निर्जंतुकीकरण: स्टार सॅनसारखं आम्लद्रावण लिटरला १.५ मिली, पृष्ठभाग दोन मिनिटं ओला राहायला हवा. उरलेल्या फेसाची भीती बाळगू नका, धुऊन काढायची गरज नाही. उकळीनंतर जे काही वर्टला लागेल ते सगळं यातून जायला हवं: चमचा, सायफन, नळाचा आतला भाग, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. नळ सुटा करून धुवा. आंबट घाण्यांचं मूळ बऱ्याचदा त्या नळाच्या आत सापडतं.

दुसरी गोष्ट तापमान, आणि ते खोलीचं नाही, बादलीच्या आतलं. जोरात आंबत असताना आत खोलीपेक्षा २ ते ४ अंश जास्त असतं. तुमच्या कपाटात १६-१७ असेल तर आत १९-२० होतं. हे अगदी हवं तेच आहे. कपाटात २१ झालं तर आत २४-२५, आणि पहिल्या तीन दिवसांत असं झालं की जड अल्कोहोल तयार होऊन बीअरला घसा जाळणारा, सॉल्व्हंटसारखा वास येतो. तेव्हा बादली हीटरपासून लांब, फरशीवर, पाण्याने भरलेल्या टबात ठेवा. एवढं पाणी तापायला वेळ लागतो आणि दिवसरात्रीचा चढउतार निम्म्यावर येतो. बादलीला बाहेरून चिकटवायची तापमानाची पट्टी मिळते, ती लावा. पाच-सहा दिवसांनी वेग ओसरला की मात्र उलटं करा, २०-२१ अंश होऊ द्या. यीस्ट शेवटी लोण्यासारखा वास देणारं डायॅसिटिल परत खाऊन टाकतं, पण गारठलेलं असलं तर तळाशी जाऊन झोपतं.

दुधाला विरजण लावून दही लागेपर्यंत आपण भांडं हलवत नाही, झाकण उघडून बोट घालत नाही. इथेही तसंच. पहिल्या चोवीस तासांत वर काही दिसेना म्हणून दुसरं पाकीट टाकायची घाई नको, ४८ तास थांबा. नंतर वर तपकिरी, ओशट फेसाचा थर येईल. तो चांगला असतो. पांढरी सुरकुतलेली साय किंवा लोकरीसारखी बुरशी दिसली तर मात्र घाणा बिघडला.

बूचवाला

बाटल्या फुटतात का? हो, फुटतात, आणि काच डोळ्यात जाऊ शकते, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. पण त्या आपसूक फुटत नाहीत. कारणं ठरलेली आहेत: आंबणं संपायच्या आत भरलेली बीअर, अंदाजे टाकलेली साखर, किंवा जंतुसंसर्ग.

आकडा लक्षात ठेवा. हायड्रोमीटरचा एक अंश, म्हणजे ०.००१, बाटलीत आंबला की साधारण अर्ध्या व्हॉल्यूमइतका कार्बन डायऑक्साइड होतो. एक व्हॉल्यूम म्हणजे १ लिटर बीअरमध्ये १ लिटर वायू. पेल एलला २.३ ते २.४ व्हॉल्यूम पुरतात. साधी अर्ध्या लिटरची बाटली ३ च्या आसपासच सुरक्षित धरावी. म्हणजे चार अंश बाकी असताना भरलं तर साखरेवर आणखी २ चढले. मर्यादा गेलीच.

भरायची वेळ हायड्रोमीटर ठरवतो: तीन दिवसांच्या अंतराने दोन वाचनं, दोन्ही सारखी. यूएस-०५ किंवा नॉटिंगहॅमवर हा घाणा १.०१० ते १.०१२ ला थांबायला हवा. नमुना नळीत काढा, वाचून झाल्यावर चाखा, बादलीत परत ओतू नका.

भरायच्या दिवशी आधी बीअर मोजा. तळाचा साका सोडून हातात ९ लिटर लागेल असं धरू. साधी साखर लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे ५४ ग्रॅम, काट्यावर मोजून. चमच्याने मोजायची नाही. १५० मिली पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार करा, नळाच्या बादलीत ओता आणि त्यावर बीअर सायफनने सोडा. नळीचं तोंड बादलीच्या तळाशी टेकलेलं असू द्या, खळखळाट नको. आता प्राणवायू शत्रू आहे, त्याने दोन महिन्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. वरून हलक्या हाताने ढवळा. साखर तळाशी राहिली तर शेवटच्या पाच बाटल्या फवारतील आणि पहिल्या पाच निपचित निघतील.

बाटल्या तपकिरी, जाड काचेच्या, बूच बसणाऱ्या. वाइनच्या किंवा साध्या पाण्याच्या काचेच्या बाटल्यांत बीअर कधीही भरू नका. पारदर्शक किंवा हिरव्या काचेतून उजेड गेला की हॉप्सच्या घटकांपासून स्कंक या प्राण्यासारखी दुर्गंधी देणारं द्रव्य बनतं. तपकिरी काच ते अडवते. वर दोन-अडीच सेंटीमीटर जागा सोडा. एक बाटली मात्र प्लास्टिकची, फसफसत्या पेयाची घ्या. बोटाने दाबून बघा: भरताना मऊ, आठवड्यात ताठ व्हायला हवी; पण दगडासारखी झाली की बाकीच्या लगेच फ्रिजमध्ये टाका आणि हातमोजे, चष्मा घालून एकेक बूच सैल करा. तोवर सगळ्या बाटल्या १८-२० अंशांना, झाकणाच्या प्लास्टिक खोक्यात, दोन आठवडे.

प्रयोगवही

अपायाबद्दल. उकळलेला वर्ट, हॉप्स, ४.० ते ४.५ च्या घरातला पीएच आणि दारू या चौकडीत माणसाला आजारी पाडणारे जंतू टिकत नाहीत. बीअर बिघडते ती आंबट, बुळबुळीत किंवा वाशाळ होऊन. वाया जाते, जीव घेत नाही. घरच्यांच्या मनात बहुतेक मिथेनॉल असणार. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. त्या दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळलेलं होतं, आंबवण्यातून ते आलेलं नव्हतं. मिथेनॉल प्रामुख्याने फळांतल्या पेक्टिनपासून बनतं, बार्लीच्या बीअरमध्ये ते नगण्य असतं. ऊर्ध्वपातन मात्र करू नका. ते वेगळं आणि धोक्याचं काम आहे, आणि ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय बेकायदा आहे.

ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बीअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, पण ती विकता येत नाही. हा धागा पुण्या-मुंबईत वाचणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बीअर बनवणं गुन्हा आहे, मग ती स्वतःसाठी का असेना. वरच्या कृती तिथे लागू करू नका.

नवशिका_मँचेस्टर

सगळ्यांचे आभार. माल्टगिरणी यांच्या कृतीने यूएस-०५ टाकून घाणा लावला, सुरुवातीचा आकडा १.०४५ आला. आज पाचवा दिवस. काल रात्रीपासून एअरलॉकमध्ये बुडबुडे थांबलेत. आतलं तापमान १७. हायड्रोमीटर १.०१८ दाखवतोय. चव गोडसर, हिरव्या सफरचंदासारखी. झालं का? शनिवारी बाटल्या भरू का?

बूचवाला

नाही, शनिवारी नको. बुडबुडे पुरावा नाहीत. झाकण किंचित सैल असलं तरी वायू कडेने निघून जातो आणि एअरलॉक गप्प बसतो. १.०१८ वरून १.०११ म्हणजे सात अंश बाकी. आज भरलं तर त्यांचेच साडेतीन व्हॉल्यूम, साखरेचे दीड, बीअरमध्ये आधीच विरघळलेला एकाच्या आसपास. एकूण सहा. कुठलीही बाटली धरणार नाही.

तापमापक

हिरव्या सफरचंदाची चव म्हणजे अॅसिटाल्डिहाइड, काम अर्धवट असल्याची खूण. १७ अंशांना यूएस-०५ सुस्तावलं आहे, बाकी काही बिघडलेलं नाही. बादली झाकणासकट उचलून गोल, हलकी फिरवा, तळाचं यीस्ट वर येईल. झाकण उघडू नका, ढवळू नका. टबातून काढून २१ अंशांच्या जागी ठेवा, खाली दुमडलेला टॉवेल, वर गोधडी. पाच दिवस हात लावू नका. दहाव्या दिवशी एक वाचन, तेराव्या दिवशी दुसरं. नमुना २० अंशांवर आणूनच वाचा आणि नळीत हायड्रोमीटर एकदा गरगर फिरवा, त्याला चिकटलेले बुडबुडे आकडा दोन अंश वर दाखवू शकतात. दहाव्या दिवशीही १.०१८ च असेल तर पुढे काही करायच्या आधी हायड्रोमीटर २० अंशांच्या साध्या पाण्यात बुडवून बघा. तिथे १.००० च दिसायला हवं. नसेल तर जितका फरक तितका सगळ्या वाचनांतून वजा करा आणि आकडे इथे टाका.